मिसळले गेले

अर्ज लिहिण्याच्या कामात एक कसब आहे, आणि ते मला उत्तम साधलेले आहे, असे मी म्हटले तर कचेरीच्या आवारात बसणारा कोणीही ते नाकारणार नाही. ते कसब म्हणजे वाक्यातून माणूस बाजूला काढणे. पक्षकार येऊन सांगतो, "मी तारीख विसरलो." मी लिहितो, "सदर तारखेस हजर राहणे नजरचुकीने राहून गेले." तो म्हणतो, "माझ्याकडनं कागद हरवला." मी लिहितो, "मूळ कागद गहाळ झाला आहे." चूक तेवढीच राहते, पण ती करणारा हात दिसेनासा होतो. साहेबांनाही ते बरे पडते. समोर माणूसच नसला की रागवायचे कोणावर, हा प्रश्न उरत नाही. सोलापुरात लिंबाच्या झाडाखाली घडीचे टेबल टाकून मी आयुष्यभर हेच केले. आता शेजारी संगणकावर छापील अर्ज मिळतात. तरीही प्रकरण अवघड असले की लोक माझ्याकडेच येतात. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. दहावीला विज्ञानाने घात केला. तरी लोक मला 'साहेब' म्हणतात आणि मी त्यांना कधी अडवले नाही.

माझी पत्नी मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातली. येथील एका शाळेत ती सेविका आहे. इतर सेविका वर्ग झाडतात, पाणी भरतात. हिच्याकडे मात्र प्रयोगशाळा आहे. काचेच्या नळ्या धुणे, बाटल्या पुसून लेबल बाहेरच्या बाजूला करून ठेवणे, तास संपला की कपाटाला कुलूप लावणे, ही तिची कामे. शाळेने तिला त्यासाठी पांढरा कोट दिला आहे. तो ती घरी आणून इतर कपड्यांत न मिसळता वेगळा धुते आणि कुणी आले की दोरीवरचा कोट आत घ्यायला मुद्दाम त्यांच्या समोरून जाते. शाळेतली मुले तिला 'लॅबच्या मावशी' म्हणतात. माहेरी गेली की तिथल्या बायका तिला खुर्ची देतात. तिच्या हातात आयुष्याने दिलेली एवढी एकच किल्ली होती. ती माझ्या एका वाक्यापायी जायची वेळ आली.

आमच्या वस्तीत बोअरचे पाणी. ते इतके क्षारयुक्त की न्हाणीघराच्या फरशीवर महिन्याभरात पांढरा थर चढतो. सायकलवरून फिनेल-ॲसिड विकणारा येतो, त्याच्याकडचे ॲसिड त्या थरावर टाकले की फसफस होते आणि थर सुटतो. तो फेस बघायला मला आवडत असे. काहीतरी जोरात काम करते आहे, असे वाटे. पुढे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कामगाराचे अडलेले प्रकरण माझ्या अर्जाने मार्गी लागले, तेव्हा तो खुशीने एक पुडके घेऊन टेबलाशी आला.

"साहेब, ह्यी बिलिचिंग पावडर हाय. कारखान्यात सुताला वापरत्यात. फरशी आरशागत हुती बगा."

मी ते पुडके मानाने घरी आणले आणि त्या रविवारी सकाळी न्हाणीघराच्या दारात उभा राहून पत्नीकडून काम करून घेऊ लागलो. स्वतः हात लावण्याचा प्रघात मी ठेवलेला नाही.

"आधी पावडर पसर. थोडी ओली कर. आता वरून ॲसिड ओत."

बाटलीचे झाकण उघडून ती थांबली. "दोनी एका टायमाला?"

"दोन्ही."

"आमच्या सायन्सच्या बाई म्हणत्यात, इचारल्याबिगर कशात काय वतायचं न्हाय. आदी कुणालातर इचारा की."

"कुणाला विचारू? मी मग काय सांगतोय इथे उभा राहून?"

"तुमी अर्जाचं सांगताव. ह्यो काय अर्ज हाय व्हय?"

"तत्त्व एकच असते," मी म्हणालो. "अर्जात एक कलम घातले तर साहेब बघत नाही. दोन घातली की खुर्चीत सरळ बसतो. एकाचा जोर अधिक दुसऱ्याचा जोर. समजले?"

तिला हसू आले. "बरं बाबा, घालते दोन कलमं," असे म्हणून तिने बाटली उपडी केली.

फेस आला. नेहमीपेक्षा पुष्कळ आला. पाठोपाठ वास आला, नाकातून थेट घशात जाऊन टोचणारा. तेवढ्यात माझा फोन वाजला. मोजणीच्या प्रकरणातले वजनदार पक्षकार होते. त्यांच्याशी बोलताना खोकला येऊ नये म्हणून मी न्हाणीघराचे दार ओढून घेतले आणि बाहेरून म्हणालो, "घासून घे तोवर." मग गॅलरीत जाऊन हद्दीच्या दगडाविषयी बोलत राहिलो. आतून खोकण्याचा आवाज येत होता. ॲसिडने थोडे खोकायला होतेच, असे मी मनाशी म्हटल्याचे मला स्पष्ट आठवते.

दार उघडले तेव्हा ती भिंतीला धरून बाहेर आली. तोंडावर पदर, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि तिच्यामागे फरशीलगत पिवळट हिरवा धूर. मी फोनवर "एक मिनिट हं" म्हणालो आणि तिला विचारले, "किती ओतलंस?"

पहिला प्रश्न मी हा विचारला.

सरकारी दवाखान्यात अपघात विभागातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पत्नीच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावला आणि मान वर न करता विचारले, "काय मिसळलं होतं?"

"ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर."

"कुणी?"

पत्नी पलंगावर होती. तिचे डोळे सुजले होते, पण उघडे होते, आणि ते माझ्यावर होते. मी म्हणालो, "स्वच्छता करताना मिसळले गेले."

हे वाक्य मी बनवले नाही. ते तयारच होते. वर्षानुवर्षे ज्या साच्यातून दुसऱ्यांची वाक्ये काढली, त्यातून ते आपोआप बाहेर पडले. डॉक्टरने पत्नीकडे वळून मोठ्याने सांगितले, "मावशी, असं पुन्हा कधी करायचं नाही हं. क्लोरीन तयार होतो त्यानं. जीव जातो." मुखवट्याच्या आत पत्नीचे ओठ हलले. मुखवटा आतून धुकट झाला. शब्द काही बाहेर आला नाही.

मला वाटले, आता काहीतरी जाणकारीचे बोलावे. म्हणून मी डॉक्टरला म्हणालो, "म्हणजे दोन्हींचा जोर एकत्र झाला."

"नाही काका. जोर एकत्र नाही झाला. मिठाचं पाणी करता ना, ते मिसळणं. मीठ मीठच राहतं, पाणी पाणीच राहतं. पाणी आटवलं की मीठ पुन्हा हातात येतं. हे तसं नाही. इथं ॲसिड ॲसिड राहिलं नाही, पावडर पावडर राहिली नाही. आधी जे बाटलीत नव्हतं आणि पुडीतही नव्हतं, ते तयार झालं."

बाहेर बाकावर बसल्यावर मला दहावीच्या विज्ञानाची व्याख्या आठवली. 'ज्या क्रियेत मूळ पदार्थांचे गुणधर्म नाहीसे होऊन भिन्न गुणधर्मांचे नवीन पदार्थ तयार होतात, तिला रासायनिक क्रिया म्हणतात.' एक काना इकडचा तिकडे न होता आठवली. विज्ञानात नापास झालो तरी त्या व्याख्येला पूर्ण गुण मिळाले होते आणि ते मी पुष्कळांना सांगत आलो होतो. 'गुणधर्म नाहीसे होऊन' हे शब्द मी शेकडो वेळा म्हटले असतील. त्यांचा अर्थ मी कधी कुणाला विचारला नव्हता, आणि मलाही कुणी विचारला नव्हता.

पत्नी घरी आली. घशाला विश्रांती द्या, बोलू देऊ नका, असे डॉक्टरने बजावले होते. ती खुणेने पाणी मागायची, खुणेने दूध उतू चालल्याचे दाखवायची. घरात बोलणारा मी एकटाच उरलो, आणि मला आढळले की मला बोलायला काही नाही. तिची थोरली बहीण, आमच्या आक्का, शुश्रूषेला आल्या. त्या दारातूनच सुरू झाल्या.

"काय गं भवाने, लॅबमदी काम करतीस म्हणून गावभर सांगत हिंडतीस, आन् घरात ह्यो उद्योग? एवढा शिकलेला नवरा घरात हुता, त्याला इचारायचं तरी हुतंस की!"

पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी चहाची कपबशी उचलून आत गेलो.

आक्का चार दिवस राहिल्या आणि चारही दिवस तेच ऐकवत राहिल्या. शेजारणी आल्या की त्यांच्यापुढे नव्याने. "भावजी किती शांत हायती बगा, एक शबुद बोललं न्हाईत तिला," असे माझे कौतुकही झाले. मी तेही घेतले. एका सकाळी आक्का माझा सदरा धूत होत्या. त्यावर आमटीचा हळदीचा डाग होता. साबण लागताच डाग लालभडक झाला, आणि खळबळून धुतल्यावर पुन्हा पिवळा. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण त्या दिवशी मी मोरीपाशी उभा राहून पाहत राहिलो. काही बदल परत फिरतात. काही फिरत नाहीत. जुन्या प्रकरणांच्या कागदांना लावलेल्या टाचण्या मी पुष्कळ काढल्या आहेत. गंजलेली टाचणी काढली तरी तिचा तांबूस डाग कागदात राहतो, मागच्या पानांतही उतरतो. आणि तो गंज घासून कुणाला टाचणीचे लोखंड परत मिळालेले नाही. माझ्या त्या वाक्याचे काय होणार आहे, हे मी उभा राहून स्वतःला विचारले. उत्तर मिळाले, पण आक्कांना ते सांगण्याइतका आवाज माझ्या धडधाकट घशातून निघाला नाही.

याहून वाईट पुढे आहे. शाळेला रजेचा अर्ज द्यायचा होता. तो साहजिकच मी लिहिला, माझ्या सर्वोत्तम अक्षरात. "घरगुती स्वच्छतेचे वेळी दोन रसायने अनवधानाने मिसळली जाऊन घडलेल्या रासायनिक क्रियेमुळे माझ्या श्वसनमार्गास इजा पोहोचली असून..." असा. वाक्य मला आवडले होते. अर्ज तिच्या नावाने होता, त्यामुळे 'माझ्या' म्हणजे तिच्या. आणि ज्याच्या श्वसनमार्गास इजा, अनवधान त्याचेच, हे वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. सही करताना पत्नीने 'मिसळली जाऊन' या शब्दांवर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "अर्जात असेच लिहायचे असते." तिने सही केली.

आवाज परत आला, पण बसका, चिरका, वाऱ्यावर विरणारा. ती शाळेत रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी दुपारी घरी परतली. पिशवीतून कोट काढून तिने घडी घातली आणि दोरीवर न टाकता कपाटात ठेवला.

"काय झाले?"

"लॅबची किल्ली जमा करून घेतली. मोठ्या बाई म्हणाल्या, जिला घरातल्या दोन बाटल्या कळंनात, तिला पोरांच्यात ॲसिडच्या कपाटापशी कसं सोडायचं. शनवारपत्तुर लॅबला नवी बाई बगणार हायती. मला फाटकावर बसा म्हणाल्या."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? तुमीच लिवलंय की, मिसळली जाऊन. सही माझी हाय."

"मी सांगितले होते म्हणून सांगायचे."

"म्हणजे नवऱ्यावर ढकलती म्हणायला मोकळ्या." तिला खोकला आला. तो ओसरल्यावर ती म्हणाली, "मी सांगून खरं वाटायचं न्हाय."

मी लगेच कागद ओढला. "मी दुसरा अर्ज करून देतो. 'सदर मजकुराचा विपर्यस्त अर्थ लावला गेल्याने...'"

"आता लिवू नका," ती म्हणाली. "शाळंला चला."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही एक महत्त्वाचे प्रकरण होते. ती दोन्ही दिवस फाटकाशी बसून आली. शुक्रवारी मी टेबल न टाकता तिच्याबरोबर निघालो. वाटेत काय बोलायचे त्याचा मजकूर मी मनात जुळवत होतो, आणि दर वेळी तो 'झाले', 'गेले', 'राहिले' यांनीच संपत होता.

मुख्याध्यापिका पूर्वी विज्ञान शिकवत असत. त्यांनी मला बसायला सांगितले, पत्नीलाही सांगितले. ती उभीच राहिली.

"मी यांचा पती. अर्जलेखक आहे."

"अच्छा, तो अर्ज तुम्ही लिहिलात." त्यांनी फाईल उघडली. "छान लिहिता. वाचून वाटतं की या घरात कुणी काही केलंच नाही. बाटल्या आपल्या चालत आल्या."

मी हसण्याचा प्रयत्न केला. त्या हसल्या नाहीत.

"मी मुलांना शिकवायचे," त्या म्हणाल्या, "की पदार्थ भेटले की क्रिया होतेच. ते थांबत नाहीत, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. त्यांचा काही गुन्हा नसतो. पण त्यांना भेटवणारा कुणीतरी असतो. तो कोण होता?"

"मी," मी म्हणालो. शब्द इतका आखूड होता की तोंडातून निघाला तरी काही बोललो असे मला वाटले नाही, म्हणून मी आणखी सांगू लागलो. सांगताना ते लांबत गेले. पावडर देणारा कामगार आला, बोअरचे पाणी आले, सोलापुरातल्या पाणीटंचाईवरही मी थोडे बोललो असेन. त्यांनी हात वर केला.

"लिहून द्या. मला समितीपुढे ठेवावं लागेल."

त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने मी लिहू लागलो. अर्ज लिहायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. लिहून झाल्यावर पत्नी म्हणाली, "काय लिवलंय ते वाचा की मोट्यानं."

मी वाचले. "मी माझ्या पत्नीस ब्लिचिंग पावडरवर ॲसिड ओतण्यास सांगितले. तिने नकार दिला असता मी तिचे ऐकले नाही..."

"नकार न्हवता दिला," ती म्हणाली.

"नको म्हणाली होतीस ना?"

"मी म्हणलेलं, आदी कुणालातर इचारा. मग हसून वतलं. हाय तसं लिवा."

मी खोडून तसे लिहिले. मुख्याध्यापिका तिच्याकडे पाहू लागल्या होत्या. मी कागद पुढे सरकवला.

"आन् दाराचं?" पत्नी म्हणाली.

"कसलं दार?" मुख्याध्यापिकांनी विचारले.

बाहेर मैदानावर मुलांना शिट्टी मारून रांगेत उभे करत होते. मी कागद परत ओढला आणि शेवटी एक ओळ वाढवली. ती वाचून दाखवायची गरज पडली नाही. पत्नी खांद्यावरून वाकून पाहत होती. अक्षर लावत लावत ती वाचते, त्यामुळे तिला वेळ लागला. मग तिने बोट ठेवले.

"दार लावले गेले," तिने वाचले. "कुणी?"

मी शपथेवर सांगतो की ते मी मुद्दाम लिहिले नव्हते. हात तसाच चालला होता. मी ते खोडले आणि लिहिले, 'ती आत असताना, मला वास येऊ नये म्हणून, दार मी ओढून घेतले. तिचा खोकला मला ऐकू येत होता.' खाली सही केली. माझ्या अक्षरात लिहिलेला, माझ्या नावाचा, माझ्याविषयीचा तो पहिला कागद.

मुख्याध्यापिकांनी तो पुरा वाचला आणि फाईलला लावला. मग टेबलाच्या खणातून किल्ली काढून पत्नीच्या हातात दिली. "समितीला मी सांगेन. सोमवारपासून लॅबला या. पण घसा बरा होईपर्यंत ॲसिडच्या कपाटाला तुम्ही हात लावायचा नाही. तेवढं विज्ञानाच्या बाई करतील. काचसामान तुमचं."

"व्हय बाई," ती म्हणाली. किल्ली तिने रुमालात बांधली.

फाटकाबाहेर आल्यावर मी विचारले, "दाराचे तू आधी कधी बोलली नाहीस."

"बोलता कुटं येत हुतं."

"आणि आवाज आल्यावर?"

"तुमी कवा सांगताय ते बगत हुते."

ती हे रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिले असते. ती रस्त्यावरून येणाऱ्या रिक्षाला हात करत होती. रिक्षा थांबली. "कुटं जायचंय?" रिक्षावाल्याने विचारले. तिने वस्तीचे नाव सांगितले. गाड्यांच्या आवाजात तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचला नाही.

"आं?" म्हणून त्याने माझ्याकडे पाहिले.

तिने पुढे वाकून, गळ्याला हात लावून, पुन्हा सांगितले. मी मध्ये बोललो नाही.